घरच्या प्रार्थनासभेत नवी माणसं

नवीन कुटुंब घरच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत बुजून जातं, अशी तक्रार ऐकली. रत्नागिरीत आमच्याकडेही सभा भरते. पहिल्याच दिवशी कुणाला मोठ्याने प्रार्थना करायला किंवा बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला सांगू नका. गीतांची पुस्तकं मात्र जास्तीची ठेवा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक याच जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांची भजनं पेटी-टाळांवर सुरू झाली की पडवीत बसलेले शेजारीही ताल धरतात. दानाची थैली घरात फिरवूच नये, हे माझं ठाम मत. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलाय, म्हणजे ही रीत पहिल्या शतकापासूनची. आणि हो, पावसाळ्यात सभा अंधाराआधी आटपा. लांबच्या वाडीवर चालत जाणारी म्हातारी माणसं असतात.