दिवसाआड पाणी की रोज थोडं? साताऱ्यातली टंचाईची कपात

(साताऱ्यातल्या वेगवेगळ्या भागांतल्या रहिवाशांची चर्चा. बोलणाऱ्याच्या जागी त्याच्या भागाचं नाव दिलंय.)

व्यंकटपुरा

शहराला पाणी देणाऱ्या कास तलावाच्या पातळी मोजायच्या पट्टीवरचे फूट उतरायला लागले की साताऱ्यात दोनच उपाय चर्चेत येतात: दिवसाआड पाणी, नाहीतर पेठवार आठवड्यातून एक दिवस बंद. माझा दोन्हींना विरोध आहे. कपात करायचीच, पण ती दिवसांत नाही, लिटरमध्ये. रोज पाणी सोडा, कमी सोडा.

पहिलं कारण शिळं पाणी. दिवसाआड पाणी म्हटलं की घरातलं पिंप, बॅरल, हंडे, कळश्या, बादल्या सगळं भरून ठेवलं जातं. परवा नळ आला की उरलेलं मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. वाचवलेलं पाणी असं गटारात जातं.

दुसरं कारण रिकामी लाइन. ज्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपतं, त्याच सांध्यातून लाइन रिकामी होताना बाहेरचं आत ओढलं जातं. आपल्या जुन्या पेठांत नळाची लाइन गटाराला चिकटून गेलेली आहे. शेवटच्या तोटीला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवं. लाइन जितके तास कोरडी, तितकी ही घाण जास्त, आणि तेवढं क्लोरीन लवकरच खपून जातं.

तिसरं, हिशोब उशिरा सुरू होतो. १५ ऑक्टोबर ते १५ जुलै म्हणजे २७३ दिवस. या सगळ्या काळात १५ टक्के कपात केली तर साधारण ४१ दिवसांचं पाणी वाचतं. एप्रिलच्या शेवटी जाग आली तर तेवढ्याच पाण्यासाठी थेट निम्मी कपात करावी लागते, तीही ८२ दिवस. आणि "अजून इतके फूट आहे" या बोलण्यावर जाऊ नका. तलाव खाली निमुळता होत जातो. वरच्या एका फुटात जेवढं पाणी असतं, त्याच्या मानाने तळाच्या फुटात फारच कमी.

गोडोली

ऑक्टोबरपासून कपात, हे मान्य. रोज थोडं, हे अजिबात मान्य नाही. कागदावर दोन्हीकडे लिटर सारखेच दिसतात, पण शेवटच्या घरात सारखे पोचत नाहीत.

१५० मिमीची २ किलोमीटर लाइन घ्या. तिच्या पोटात ३५ हजार लिटर पाणी मावतं. टाकीतून सेकंदाला २० लिटर सुटले तरी ती भरायला अर्धा तास जातो. प्रत्यक्षात जास्तच, कारण वाटेतल्या घरांच्या तोट्या उघड्याच असतात. आता रोज ४० मिनिटं पाणी दिलं तर टोकाच्या घराला मिळाली १० मिनिटं, दोन दिवसांची मिळून २०. तेच पाणी दिवसाआड ८० मिनिटं दिलं तर टोकाला ५० मिनिटं मिळतात. तुमच्या पद्धतीत लाइन भरण्याचा भुर्दंड रोज, आणि तो सगळा टोकाच्या माणसावर.

शिवाय शहराचं दुसरं पाणी, उरमोडी नदीवरच्या शहापूर योजनेचं, विजेवर उचललं जातं. तासभर वीज गेली की राइझिंग मेन, म्हणजे पाणी वर चढवणारी मुख्य लाइन, पुन्हा भरणं आलं, टाकीची पातळी गाठणं आलं. दिवसाआडमध्ये टाकी भरायला ४८ तासांची सवड असते. रोजच्या वेळापत्रकात एक ट्रिपिंग झालं की पुढचे तीन दिवस पेठा मागे-पुढे होत राहतात. मग लोक तोटी उघडी टाकून झोपतात, आणि पाणी रात्री केव्हातरी येऊन वाहून जातं.

व्यंकटपुरा

तुमचा भरण्याचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात लाइन रोज पूर्ण रिकामी होते असं धरलंय. ती रिकामी होते कारण आपण फक्त टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करतो. मग वरच्या आळीचं पाणी उताराने खालच्या आळीच्या तोट्यांतून निघून जातं. वेळ संपताना आधी खालच्या टप्प्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मग मधला, सगळ्यात शेवटी टाकीचा. उघडताना उलट. असे तीन-चार टप्पे पाडले तर दुसऱ्या दिवशी वरचे टप्पे बऱ्यापैकी भरलेले मिळतात.

यात आणखी एक फायदा आहे. रात्री बंद केलेल्या टप्प्यावर प्रेशर गेज लावून ठेवायचा. काटा तासाभरात शून्यावर आला तर त्या टप्प्यात गळती आहे किंवा तोट्या उघड्या आहेत. रस्ता न खोदता गळतीचा पत्ता लागतो.

मात्र स्लूस व्हॉल्व्ह (पडदा खाली-वर सरकवून पाणी अडवणारा) अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी करायचा प्रकार कुणी करू नये. पडदा थरथरतो, सीट झिजते, आणि पुढे तो व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. कमी करायचं तर बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आत फिरती तबकडी असलेला) हवा. उघडतानाही आटे हळूहळू फिरवायचे, पाच-दहा मिनिटं घ्यायची. झटक्यात उघडला की अडकलेली हवा दाबली जाते आणि जुना सांधा सुटतो.

चिमणपुरा

दोघेही वेळेवर भांडताय. साताऱ्यात खरा प्रश्न उताराचा आहे. शहर पश्चिमेकडून पूर्वेला उतरत जातं. एकाच टाकीवरच्या दोन घरांत २०-३० मीटरचा फरक सहज पडतो. वेळ सारखी दिली म्हणून पाणी सारखं मिळत नाही.

उपाय स्वस्त आहे: प्रत्येक कनेक्शनला, मीटर किंवा स्टॉपकॉकच्या आधी, भोकाची चकती. ४ मिमीचं भोक असेल तर १० मीटर दाबाला (म्हणजे १० मीटर उंच पाण्याच्या दाबाला) मिनिटाला साधारण साडेसहा लिटर जातं, म्हणजे ४५ मिनिटांत २९० लिटरच्या आसपास. पाच माणसांना माणशी ५८ लिटर. पण तीच चकती ४० मीटर दाबाच्या खालच्या घरात लावली तर पाणी बरोबर दुप्पट, कारण दाब चौपट झाला की प्रवाह दुप्पट होतो. म्हणून वरच्या आळीला ४ मिमी, खालच्या आळीला ३ मिमीच्या आत. सगळ्यांना एकच चकती वाटली तर योजना पहिल्या आठवड्यात बदनाम होईल.

चकतीचा दुश्मन म्हणजे मोटर. नळाला थेट टिल्लू पंप लावला की चकतीपुढचा दाबाचा फरक वाढतो आणि शेजारच्याचं पाणी तुटतं. पाण्याच्या वेळेत त्या भागाच्या फीडरची (वीजवाहिनीची) वीज बंद ठेवणं हा गावोगाव वापरलेला इलाज आहे आणि तो चालतो. फक्त पंपिंग स्टेशन त्या फीडरवर नाही ना, हे आधी बघायचं.

शाहूपुरी

वीज बंद करून अपार्टमेंटचं काही बिघडत नाही. त्यांचा हौद जमिनीखाली, रस्त्याच्याही खाली. तिथे मोटर न लावताच पाणी धबधब्यासारखं पडतं, आणि १० हजार लिटरचा हौद भरेपर्यंत त्या गल्लीत कुणालाच दाब मिळत नाही. हौदाचं कनेक्शन जमिनीपासून दीड-दोन मीटर वर उचलून मग खाली सोडायला लावा, शिवाय फ्लोट व्हॉल्व्ह. वर उचलल्याने हौदातलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जाण्याचा धोकाही कमी होतो.

पण माझ्या मते हे सगळं मलमपट्टीचं काम. कराडजवळच्या मलकापुरात २४ तास पाणी मीटरने दिलं, वापर जास्त तर दर चढा. नळाला कायम पाणी आहे म्हटल्यावर साठवण संपते, शिळं ओतणं संपतं, मोटर लावायचं कारण उरत नाही. अशा व्यवस्थेत टंचाई आली की दराचा टप्पा बदलून कपात करता येते. आपल्याच जिल्ह्यात हे झालंय, मग आपण अजून वेळापत्रकावर का वाद घालतोय?

गोडोली

मलकापूरचं कौतुक आहेच. पण तिथे वितरणाची लाइन नवी टाकली, कनेक्शनं नवी दिली, मग मीटर आले. आपल्याकडे जुन्या, अधूनमधून कोरड्या पडणाऱ्या लाइनवर मीटर बसवला तर तो आधी हवा मोजतो. लाइन भरताना पुढची हवा घराघरातून सुटते, चक्र गरगरा फिरतं आणि ग्राहक न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरतो. मग गाळ येतो आणि मीटर अडकतो. उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह, सखल टोकाला गाळ धुवायचा व्हॉल्व्ह, हे आधी. ऐन टंचाईत मीटरची निविदा काढून येत्या मेमध्ये काहीही हाती लागणार नाही.

मंगळवार तळे

नळाच्या पाण्यानेच फरशी आणि गाड्या का धुवायच्या? शहरात जुन्या विहिरी आणि आड आहेत. मोती तळे, मंगळवार तळे आहे. वापराचं पाणी तिथून घेतलं तर रोज माणशी १३५ लिटर धरतात त्या मापातला मोठा वाटा सुटतो. विहिरीत १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लिचिंग पावडर) पुरते.

चिमणपुरा

विहिरी घ्या, तळी नकोत. गणपती विसर्जन झालेल्या तळ्यातलं पाणी टाकीत गेलं की तळाला चिखल बसणार.

टीसीएलचंही नीट सांगायला हवं. पावडर थेट विहिरीत टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ सोडायचं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी; पिवळा रंग आला तरच बरोबर. पोतं उघडं राहिलं की पावडरीतलं क्लोरीन उडून जातं आणि ५ ग्रॅमचा हिशोब खोटा ठरतो. आणि विहिरीचा पाइप घरातल्या नळाच्या पाइपला कधीही जोडायचा नाही, मध्ये व्हॉल्व्ह असला तरी नाही. रिकाम्या लाइनमध्ये ते पाणी शिरलं तर सगळी गल्ली आजारी पडेल.

शाहूपुरी

एक मुद्दा राहिला. कासचं पाणी उताराने येतं, विजेचा खर्च नाही. शहापूरचं उचलावं लागतं. त्यामुळे आधी कास संपवायचा मोह होतो. माझं म्हणणं उलटं: थंडीत शहापूर जास्त चालवा, कास राखा. मेमध्ये वीज गेली तरी उताराचं पाणी येत राहील. उरमोडीवर दुष्काळी माण-खटाव तालुक्यांचाही हक्क आहे, आणि उन्हाळ्यात तिथली गरज आपल्यापेक्षा तीव्र असते.

गोडोली

राखलेलं पाणी उडून जातं, त्याचं काय? ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी हेक्टरी दिवसाला ५० हजार लिटर.

व्यंकटपुरा

बाष्पीभवन पृष्ठभागावर होतं, खोलीवर नाही. दोन फूट जास्त राखले म्हणून पृष्ठभाग थोडासाच वाढतो. तेवढी घट सोसून कास राखणं परवडतं, शाहूपुरीकरांशी मी सहमत.

गोडोलीकर, तुमच्यासाठी एक प्रस्ताव. एका टाकीचा भाग घेऊ. पंधरा दिवस दिवसाआड, पंधरा दिवस टप्प्याटप्प्याने रोज, टाकीतून सुटणारं पाणी दोन्हीकडे तेवढंच. टोकाच्या दहा घरांत बादली भरायला लागणारे सेकंद मोजायचे, पाणी आल्यावर पाचव्या आणि विसाव्या मिनिटाला ओटी टेस्ट करायची, आणि रात्री गेजचा काटा किती वेळात उतरतो ते लिहून ठेवायचं.

गोडोली

चालेल. पण ते पंधरा दिवस मार्चमधले घ्या, डिसेंबरमधले नकोत. आणि दहापैकी चार घरं माची पेठेच्या चढावरची हवीत.