मोडणे की तुटणे? हाड, एफडी, उपास आणि काडी

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठीतनं मोडणे हा शब्द हळूहळू चाललाय असं मला वाटतं, जिथेतिथे तोडणे नि तुटणे. हात तुटला, एफडी तोडली, ठरलेलं लग्न तुटलं. हिंदीत टूटना सगळ्याला चालतं म्हणून आपणही चालवतो, पण मराठीत हात तुटला म्हणजे तो अंगावेगळा झाला! नुसतं हाड गेलं असेल तर हात मोडला. दोरी तुटते, नातं तुटतं, काच फुटते, आणि जे मांडलेलं, उभं केलेलं, ठरवलेलं असतं ते मोडतं, म्हणजे लग्न मोडतं, संसार मोडतो, संध्याकाळी बाजार मोडतो, झोपसुद्धा मोडते.

सगळ्यात सुंदर फरक उपासाचा आहे. एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी पारणं करून सोडतात, आणि दुपारी कोणी आग्रहाने पोळी खायला घातली तर तो मोडतो. संपतो दोन्ही वेळा, पण एकदा पुरा होऊन आणि एकदा मधेच. 'उपास तोडला' म्हटलं की यातलं काय झालं ते कळतच नाही, आणि एवढी बारीक सोय आपण हातची घालवतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

पैशाचंही तसंच. पाचशेची नोट मोडायची म्हणजे सुटे करायचे, अडचणीत बांगडी मोडायची म्हणजे सराफ्यात जाऊन विकायची (दिवसाच्या सराफ्यात, रात्री तिथे खाण्याची दुकानं लागतात).

आणि काडीमोड! पूर्वी कित्येक समाजांत पंचांसमोर काडी मोडली की नवरा-बायको मोकळे. घटस्फोट हा कोर्टाच्या कागदावरचा शब्द, घरात बोलताना अजून काडीमोडच येतो तोंडात.

बोटं मोडणे तर दोन्ही टोकांना जातं. कुणाच्या नावाने बोटं मोडली तर शिव्याशाप, आणि आजीने नातवाची दृष्ट काढून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली तर नुसती माया.

— ताई, एक भर घालतो. आपण इथे 'कागद मोड' म्हणतो ते दुमड या अर्थाने, पुण्याचे पाहुणे लगेच टोकतात की ही हिंदी झाली. हिंदीचा हात आहेच त्यात, पण वळवणं, वाकवणं हा अर्थ मराठीला परका नाही हो. डोळे मोडणे बघा, पाय मोडून बसणे बघा. मोडी लिपीचं नावसुद्धा अक्षरं वळवत, मोडत लिहितात म्हणून पडलं असं सांगतात, आणि होळकरांच्या दफ्तरातले मराठी कागद मोडीतलेच आहेत. तेव्हा पोरांना कागदावरून बोलू नये.

— कागदाचं पटलं दादा, जरी 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणताना दोन्ही अगदी आमनेसामने असतात तरी. हाताचं मात्र मी सोडणार नाही, मोडलाच म्हणायचं.

— अंग मोडून येणं राहिलंच की! ताप यायच्या आधी येतं ते. आमच्याकडे मुलं आता बदन टूटना वरून 'अंग तुटतंय' म्हणतात, पण मोडून येण्यात ती कणकण, आळसावल्यासारखं, कुठे नेमकं दुखतंय ते न सांगता येणं, हे सगळं आहे, तुटण्यात नुसतं दुखणं.