बॅलटच्या शेवटी जजेसची भलीमोठी यादी, यस-नो कशावरून ठरवायचं? (कुक काउंटी)

अमृता_शिकागो
नमस्कार मंडळी, सिटिझनशिप झाल्यावर पहिल्यांदाच नोव्हेंबरला मत देणारे. सॅम्पल बॅलट डाउनलोड केलं, गव्हर्नर, सेनेट, काउंटीची पदं इथपर्यंत सगळं कळलं, पण पुढे नुसती जजेसची नावंच नावं! प्रत्येकासमोर एकच प्रश्न, यांना सर्किट कोर्टाचे जज म्हणून कायम ठेवायचं का, यस की नो. पार्टी लिहिलेली नाही, समोर दुसरा उमेदवार नाही आणि एकही नाव ओळखीचं नाही. नवरा म्हणतो सगळ्यांना यस करून मोकळी हो, मैत्रीण म्हणते रिकामं सोड, काही बिघडत नाही. मला दोन्ही पटत नाहीये. कोणी नीट सांगेल का?

कोर्टवाली_मीनल
अमृता, बरं झालं विचारलंस. मी पॅरालीगल (वकिलांची कायदेशीर सहाय्यक) आहे, डेली सेंटरला, म्हणजे शिकागोतल्या मुख्य कोर्टाच्या इमारतीत, सारखं जाणं असतं, म्हणून या विषयावर जरा पोटतिडकीने लिहितेय.

याला रिटेन्शन म्हणतात. इलिनॉयमध्ये सर्किट जजची टर्म 6 वर्षांची, ती संपत आली की त्याला परत पार्टीच्या तिकिटावर लढावं लागत नाही, फक्त यस-नो होतं आणि टिकायला 60 टक्के यस लागतात. हे 60 टक्के त्या प्रश्नावर मत देणाऱ्यांपैकीच मोजतात, म्हणजे रिकामं सोडलंस तर ते ना यस ना नो, तू मोजणीतच नाहीस, आणि बॅलटच्या शेवटाला पोचेपर्यंत कंटाळणारे लोक भरपूर असतात त्यामुळे जे मत देतात त्यांचं वजन वाढतं. तरी पडणारे अगदी थोडे. 2018 मध्ये मॅथ्यू कॉगलन हरले तेव्हा कुक काउंटीत 1990 नंतर पहिल्यांदाच कोणी जज रिटेन्शनमध्ये पडला होता!

आणि हे लोक कोण, तर घटस्फोटात मुलं कोणाकडे राहणार, भाडेकरूला घराबाहेर काढायचं का, अटक झालेल्याला केस चालेपर्यंत आत ठेवायचं का, हे ठरवणारे. इलिनॉयमध्ये सप्टेंबर 2023 पासून पैसे भरून जामीन ही भानगडच नाही, आत ठेवायचं की सोडायचं हे जजच ठरवतो. फॅमिली कोर्टात मी बघते ना, एक जज समोर उभ्या बाईचं बोलणं संपेपर्यंत थांबतात, इंटरप्रीटरला वेळ देतात, आणि शेजारच्याच कोर्टरूममध्ये दुसरे फाइलमधून मान वर न करता पुढची तारीख देतात. सुप्रीम कोर्टाशी आपला आयुष्यात संबंध येणार नाही गं, यांच्याशी कधीही येऊ शकतो.

अमृता_शिकागो
बाप रे, हे माहीतच नव्हतं. पण मग हे पहिल्यांदा खुर्चीवर येतात कसे?

कोर्टवाली_मीनल
पहिल्या वेळी चक्क पार्टीच्या तिकिटावर. आणि इथे खरा निकाल डेमोक्रॅटिक प्रायमरीतच (पार्टीचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत) लागतो, नोव्हेंबरला बऱ्याच जागांवर समोर कोणी नसतंच. प्रायमरीत मतदार नाव बघून मत देतात, आयरिश वाटणारं नाव असलं तर फायदा होतो हे इथे सगळ्यांना ठाऊक, इतकं की काही वकिलांनी निवडणुकीआधी नावंच बदलून घेतली, म्हणून कायदा करावा लागला की अलीकडे नाव बदललं असेल तर बॅलटवर आधीचं नावही छापायचं. मधेच जागा रिकामी झाली तर राज्याचं सुप्रीम कोर्ट तात्पुरती नेमणूक करतं. असोसिएट जज म्हणून वेगळा प्रकार आहे, त्यांना सर्किट जजेसच 4 वर्षांसाठी निवडतात, ते तुला बॅलटवर दिसणारच नाहीत.

ह्यूस्टनचा_निनाद
आमच्याकडे टेक्सासमध्ये हे यस-नो नाहीच, डिस्ट्रिक्ट जजला दर 4 वर्षांनी पार्टीच्या चिन्हावर परत लढायचं. हॅरिस काउंटीचं बॅलट भयंकर लांब. 2018 ला इथे डेमोक्रॅट्सची लाट आली आणि जजेसच्या जागा सगळ्या एका झटक्यात फिरल्या, चांगलं काम करणारेही गेले, कारण तेव्हा एकच बटण दाबून अख्ख्या पार्टीला मत देता यायचं (ते 2020 पासून बंद झालं). मला तर तुमची पद्धत जास्त बरी वाटते, निदान माणसाचं काम बघून ठरवता येतं.

बे_एरिया_सुहास
कॅलिफोर्नियात अजून तिसरंच. सुपीरियर कोर्टाच्या जजसमोर कोणी उभंच राहिलं नाही तर त्याचं नाव बॅलटवर येतच नाही, आपोआप पुढची 6 वर्षं. पण मतदारांनी मनावर घेतलं तर मधेच काढताही येतं, 2018 ला सांता क्लारा काउंटीत जज एरन पर्स्की यांना रिकॉल केलं, म्हणजे मत देऊन पदावरून काढलं, स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये 6 महिन्यांची शिक्षा दिली म्हणून. 1932 नंतर राज्यात पहिल्यांदाच असं झालं. शिक्षा मलाही फार कमी वाटली होती, पण तेव्हा बरेच पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारतर्फे मिळणारे वकील) रिकॉलच्या विरोधात होते, त्यांचं म्हणणं की उद्या प्रत्येक जज घाबरून जास्तच शिक्षा देईल आणि त्यात भरडले जाणार गरीब आरोपी. मला ते पटलं. एका निकालावरून नो करू नका, अख्खी टर्म बघा.

अमृता_शिकागो
सुहासदादा, तेच तर विचारतेय, अख्खी टर्म बघायची कुठे?

कोर्टवाली_मीनल
शिकागो बार असोसिएशन आणि बाकीच्या वकील संघटना प्रत्येक जजला रेटिंग देतात, ते फुकट वाचता येतं. इंजस्टिस वॉच नावाची इथली न्यूजरूम पण गाइड काढते, कुठल्या जजबद्दल काय वाद झाले वगैरे त्यात असतं. नुसतं नॉट रेकमेंडेड बघून फुली मारू नकोस, खाली कारण वाच. कधी जजने तपासणीला कागदच दिलेले नसतात म्हणून तो शेरा मिळतो, आणि माझ्या मते तेही नो म्हणायला पुरेसं आहे, पण ज्याच्याबद्दल चार संघटना स्वतंत्रपणे एकच तक्रार करतात, लोकांवर ओरडतो, तयारी न करता येतो, तो मला जास्त खटकतो.

यादी बघून घाबरू नकोस, बहुतेकांना सगळीकडे चांगलंच रेटिंग असतं, खरा विचार मोजक्या नावांवरच करायचा असतो, ती आधी शोध. आणि जमलं तर बॅलट पोस्टाने मागव, म्हणजे एका हातात गाइड आणि एका हातात पेन घेऊन घरी निवांत भरता येईल. नवऱ्यालाही बसव शेजारी!