मदत हवी आहे: लॅप स्टीलवरून पेडल स्टीलवर कोणी गेलंय का?

मंडळी, मी म्हापशाचा, लग्नाच्या बँडमध्ये साधी गिटार वाजवतो. काकांची जुनी हवाईयन गिटार, म्हणजे लॅप स्टील, माळ्यावर सापडली, मांडीवर आडवी घेऊन लोखंडी दांडीनं वाजवतात ती, चार महिने तिच्यावर हात बसवला आणि आता पेडल स्टीलचं, म्हणजे पायानं पेडल दाबून तारांचे सूर बदलायच्या तिच्या मोठ्या भावंडाचं, खूळ शिरलंय डोक्यात. १० तारा, ई नाइन ट्यूनिंग (तारा ई नाइन कॉर्डला जुळवलेल्या), ३ पेडल, वर गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर, आई म्हणते त्यापेक्षा शिवणयंत्र घे :) ए नावाचं पेडल दाबलं की बी सुराच्या तारा सी शार्पला चढतात एवढं कळलंय, पण सुरुवातीला ए आणि बी पेडलच घोटायचे की लिव्हरपण सोबतच? आणि पावसाळ्यात तारा गंजतात त्याला काय करता? गोव्यात कुणाकडे सेकंडहँड असेल तर प्लीज सांगा, नुसती बघायला दिली तरी येतो.