मदत हवी आहे: गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन समुद्रावर, दिवेआगर-श्रीवर्धन की हर्णै-मुरूड?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत कोथरूडहून स्वतःच्या गाडीने तीन-चार दिवस कोकणात जायचं चाललंय. आम्ही दोघं, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि माझी आई. आईने सत्तरी ओलांडली आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा दुखतो. काठी घेऊन सपाट रस्त्यावर ती व्यवस्थित चालते. पायऱ्या आणि भुसभुशीत वाळू मात्र जमत नाही.

आग्रह तिचाच आहे. बाबा गेल्यापासून ती समुद्रावर गेलेलीच नाही. तिला पाच ठिकाणं बघायची नाहीत. "मला पाण्याजवळ नेऊन बसवा, बाकी तुम्ही काय हवं ते करा," एवढंच तिचं म्हणणं. मला हे नीट जमवायचंय. तिला हॉटेलच्या गॅलरीतून समुद्र दाखवून आणलं, असं व्हायला नको.

मुलांना अर्थातच पाण्यात खेळायचंय. मुलाला किल्ला हवा, मुलीला कासवं बघायची आहेत. नवऱ्याला ताजी मासळी, आई शाकाहारी.

विचारायचं ते हे: दोन्हींपैकी कुठली बाजू बरी? आईला खरोखर पाण्याजवळ बसता येईल अशी जागा कुठे आहे? आणि ताम्हिणीतून जावं की भोरवरून वरंधा घाटाने?

जाऊन आलेल्यांनी आणि तिकडच्या लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद (मूळ श्रीवर्धनचा, आता सिंहगड रोडला)

ताई, तुमच्या आईंसाठी दिवेआगर-श्रीवर्धन. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असं या. वरंध्याची वळणं वयस्कर माणसाला त्रासाची, आणि या बाजूला यायला तो घाट लागतही नाही. सकाळी लवकर निघालात तर जेवायला दिवेआगरात.

आता महत्त्वाचं. ठिकाण ठरवण्याआधी तिथी बघा. समुद्रावरचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो आणि पुण्याहून येणारी बहुतेक मंडळी तेवढंच विचारत नाहीत. आमच्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरतो.

तुमच्या कामाचं यात काय? कोरड्या वाळूत पाय रुततो, गुडघ्याला तोच त्रास. ओहोटीला पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर काठी टेकवून आरामात चालता येतं. म्हणजे संध्याकाळी ओहोटी असेल असे दिवस निवडा. त्रयोदशीपासून पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेपर्यंत (किंवा अमावास्येच्या मागेपुढे) चार ते साडेसहाच्या दरम्यान पाणी उतरलेलं मिळेल. अष्टमीच्या आसपास आलात तर नेमकी सूर्यास्ताला भरती, मग बसायला फक्त वरची मऊ वाळू उरते. सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंतचा पट्टा तेवढा दोघांनी दोन्ही बाजूंनी हात धरून पार करावा लागेल. घरमालकाला सांगून प्लॅस्टिकची खुर्ची सोबत घ्या.

वाळू अजिबातच नको वाटली त्या दिवशी श्रीवर्धनला या. इथे किनाऱ्यालगत फरसबंद रस्ता आहे, बसायला जागा आहे. आणि दिवेआगरहून येताना आतल्या रस्त्याने येऊ नका. भरडखोल, शेखाडी, आरावी असा किनाऱ्याचा रस्ता धरा. बराच वेळ समुद्र उजव्या हाताला लागून असतो. आईंना डावीकडे बसवू नका.

प्रतिसाद (दापोलीला सासर)

वरच्यांशी सहमत, तरी आमच्या बाजूचं सांगते.

मुलाच्या किल्ल्यासाठी हर्णैला तोड नाही. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेताना पेशवे आणि इंग्रज एका बाजूला होते. नववीतल्या मुलाला हे तिथे उभं राहून सांगा, पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहील. होडीने किल्ल्यावर जाता येतं, पण उतरताना पाण्यात पाय घालावा लागतो, आईंनी जाऊ नये. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव असतो. तुमच्या यजमानांना तो फार आवडेल.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी थेट वर जाते, तिथून खाली खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. आईंना नक्की न्या. आसूदचं केशवराज मात्र त्यांच्यासाठी नाही. सुपारीच्या बागेतून उतरून, ओढा ओलांडून पुन्हा पायऱ्या चढायच्या असतात. आणि कोथरूडचे आहात तर मुरूडला थांबाच. ज्यांच्या नावाच्या कर्वे रस्त्याने तुम्ही रोज जाता त्या महर्षी कर्व्यांचं हे गाव. शेरवलीत १८५८ साली जन्म, बालपण मुरूडला.

कासवांबद्दल: डिसेंबरात पिल्लं दिसण्याची शक्यता फार कमी. ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात अंडी घालतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. ती बघायला साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून हे काम उभं केलं आणि गावाने ते आपलं मानलं. लेकीला त्यासाठी मार्चमधल्या एखाद्या शनिवार-रविवारी वेगळं आणा. नकाशात नीट बघा, वेळास दोन आहेत: एक दिवेआगरजवळ, आणि कासवांचं ते मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या पलीकडचं.

प्रतिसाद (मूळ श्रीवर्धनचा)

हरिहरेश्वरचं लिहायचं राहिलं. काळभैरव आणि हरिहरेश्वर ही देवळं आईंना जमतील. प्रदक्षिणेचा मार्ग मात्र नाही: देवळामागून कातळातल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या काठाने फिरायचं असतं. लाटांनी त्या कातळाला पडलेली जाळी मुलांनी बघण्यासारखीच आहे, पण फक्त ओहोटीला. पाणी चढत असेल तर देवळातूनच परत फिरा. शेवाळावर पाय सरकला तर सावरायला जागा नसते. याबाबतीत मुलांचा हट्ट ऐकू नका.

मुलीला कासवं नाहीत, तर पक्षी दाखवा. हिवाळ्यात दिवेआगरच्या किनाऱ्यावर सीगलचे थवे उतरतात. वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी करणारे छोटे खेकडेही ओहोटीलाच दिसतात. हे बघायला सकाळ चांगली, दुपारनंतर बनाना राइड आणि गाड्यांचा गोंगाट सुरू होतो.

दिवेआगरात सुवर्णगणेशाचं दर्शन घ्या. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा मुखवटा बसवला. जवळच रूपनारायणाचं देऊळ आहे, ते लोक घाईत सोडून देतात. विष्णूची ती मूर्ती शांतपणे बघा.

एक विनंती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावून फळ धरेपर्यंत वर्षं जातात. घरगुती खानावळींनी त्या काळात घरं तगवली. तेव्हा मोठ्या रिसॉर्टपेक्षा वाडीतल्या घरात उतरा, तळमजल्याची खोली आणि कमोड आहे ना हे फोनवर विचारून घ्या. मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. आईंना वालाचं बिरडं आणि सोलकढी मिळेल, यजमानांना मासळी बहुतेक दुसऱ्या घरी जेवावी लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तिथीचं गणित आईला वाचून दाखवलं, तिने लगेच कॅलेंडर काढलं. त्रयोदशी ते पौर्णिमा असे दिवस धरतोय, मुक्काम दिवेआगरला. मुलासाठी एक दिवस बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरून हर्णै करावं असा विचार आहे. त्या दिवशी आईला सोबत न्यावं का? फेरीत गाडीतून उतरावं लागतं का?

प्रतिसाद (दापोलीला सासर)

उतरावं लागत नाही, आमच्या सासूबाई गाडीतच बसून येतात. पण जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो, रस्ता वळणावळणाचा आहे. त्यांना विचारा. नको म्हणाल्या तर तुम्ही दोघी दिवेआगरलाच थांबा, बापलेक जाऊन येतील.