अ‍ॅपसाठी पैसे मोजावेत का, आणि मोजायचेच तर कशासाठी?

हिशेबनीस
हल्ली जो तो अ‍ॅपवाला महिन्याच्या वर्गणीवर आलाय. टॉर्च आणि कॅल्क्युलेटरसुद्धा 'प्रीमियम' झालेत! माझा नियम सांगतो, मग तुम्ही तोडा.

ज्या अ‍ॅपमधून माझा सगळा ऐवज, म्हणजे फोटो-फाइली, घेऊन मला कधीही बाहेर पडता येतं, त्यालाच पैसे द्यायचे. जिथून निघणं जिकिरीचं, तिथे अ‍ॅप कितीही झकास असो, पाकीट बंद.

२९ जून २०२० आठवा. सरकारने एका फटक्यात ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यात टिकटॉकबरोबर कागद स्कॅन करणारं कॅमस्कॅनरही गेलं. ज्यांच्या पीडीएफ स्वतःच्या फोनमध्ये उतरवलेल्या होत्या, त्यांना काय फरक पडणार? ज्यांचं सगळं तिकडच्या क्लाउडवर, त्यांना घोर.

म्हणूनच फोटोंसाठी जागा विकत घ्यायला माझा ठाम विरोध. गूगल फोटोजने आधी वर्षानुवर्षं अमर्याद जागा फुकट दिली, आणि १ जून २०२१ पासून चढवलेलं सगळं १५ जीबीत मोजायला लागले. त्याच १५ जीबीत जीमेल आणि ड्राइव्हही. तोवर लोकांची पोरं तिथे लहानाची मोठी झालेली. आता सोडणार कोण?

कल्याण_स्लो
साफ असहमत. मी नेमके त्यालाच पैसे देतो, बाकी कशाला नाही. १०० जीबीचे वर्षाला साधारण १३०० रुपये, आणि ती जागा घरातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येते. आई, बाबा, बायको, सगळे त्यातच. फोन लोकलमध्ये मारला गेला तर फोनचं दुःख होईल, फोटोंचं नाही.

आणि बाहेर पडता येत नाही कसं? गूगल टेकआउटवरून सगळं उतरवून घेता येतं. म्हणजे तुमच्याच नियमात बसतं.

शेंगदाणा_चटणी
कशालाच देऊ नका राव. व्हिडिओला व्हीएलसी. पासवर्डला बिटवॉर्डन, फुकटातलं पुरून उरतं. रेंज नसलेल्या घाटात ऑरगॅनिक मॅप्स, जाहिराती नाहीत. स्कॅन करायला ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्येच सोय आहे, मराठी टायपिंगला जीबोर्ड. मुंबईकरांना लोकलच्या वेळांसाठी एम-इंडिकेटर.

यूट्यूब प्रीमियम ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ वरून १४९ झालं. जाहिरात लागली की मी पाणी पिऊन येतो. तब्येतीला बरं.

कोड_कुटणारा
चटणी, तुमची यादी चांगली आहे, पण ती चालते कुणाच्या जिवावर? व्हीएलसीमागे ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते. बिटवॉर्डनचं फुकट खातं पैसे भरणाऱ्यांमुळे टिकतं. एम-इंडिकेटर जाहिरातींवर. व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा एके काळी वर्षाला एक डॉलर मागायचं. २०१६ मध्ये ते बंद केलं, कारण तोवर मालक फेसबुक झालं होतं आणि त्यांना डॉलरची गरज नव्हती.

एकट्यादुकट्याने बनवलेल्या अ‍ॅपची गोष्ट वेगळी. लोक म्हणतात, एकदाच २०० रुपये घ्या आणि विषय संपवा. पण विषय संपत नाही. अँड्रॉइडची दरवर्षी नवी आवृत्ती येते, प्ले स्टोअरची अट असते की अ‍ॅप ताज्या आवृत्त्यांशी जुळवून घ्या. नाही केलंत तर नव्या फोनवाल्यांना ते दिसतच नाही. म्हणजे काहीही नवं न देतासुद्धा काम उरतंच. वर छोट्यातल्या छोट्याकडूनही गूगल १५ टक्के कापून घेतं. त्यामुळे मी बघतो ते एवढंच: मागे माणूस आहे का, गेल्या काही महिन्यांत अपडेट आलंय का, वाईट रिव्ह्यूला उत्तर देतो का. असेल तर वर्षाची वर्गणी आनंदाने.

शेंगदाणा_चटणी
मग देणगी देतो. भाडं नाही देणार.

कोड_कुटणारा
दिलीत कधी?

नातवाची_आजी
हिशेबनीस, तुमच्या नियमात मी कुठे बसते? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून वाचन जमत नाही. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकते. माझा त्यात काहीच ऐवज नाही, उद्या वर्गणी थांबवली तर हाती काही उरणार नाही. तरी मला ते पैसे सार्थकी लागलेले वाटतात. दुपार सरते.

सातारी_ग्राहक
सगळे काय घ्यावं ते सांगताहेत, सोडायचं कसं ते कुणी बोलत नाही. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही! आमच्या मेहुण्याचे एका व्यायामाच्या अ‍ॅपने तसेच वर्षाचे कापले. ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, दिली असेल तर कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण १५,००० रुपयांपर्यंत पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही आणि तो मेसेज लग्नाच्या हॉलच्या जाहिरातींत हरवतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आजच उघडा. प्ले स्टोअरवर फुकट ट्रायल घेतली की तिथल्या तिथे रद्द करा, ट्रायलचे दिवस तरीही मिळतात.

रद्द करायचं बटण लपवून ठेवणं म्हणजे 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', आणि नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत ते डार्क पॅटर्नमध्ये, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीत, धरलंय. तक्रारीला ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

हिशेबनीस
आजी, तुमचं घ्या, त्याला माझी ना नाही. ऐकून झालं की संपलं, मागे अडकून काही राहत नाही, तेव्हा सोडताना त्रासही नाही.

कल्याणकर, टेकआउटचं मात्र पटलं नाही. १०० जीबीच्या झिप फाइली घरच्या वायफायवर उतरवून, सोडवून, तारखांनुसार लावून कुणी बसलंय? दार आहे, पण त्यातून कपाट बाहेर निघत नाही.

कल्याण_स्लो
मी दर दिवाळीच्या सुट्टीत वर्षभराचे तेवढेच उतरवतो, हार्ड डिस्कवर. क्लाउडही आहे, डिस्कही आहे. आता सांगा, नियम कुठे मोडला?

हिशेबनीस
नाही मोडला. पण दिवाळीत डिस्क जोडणारे आणखी किती सापडतात, ते एकदा तुमच्या लोकलच्या डब्यात विचारून बघा.