मंडईत रोज सकाळी दूध तपासणीचं टेबल हवं की नको?

सातारकर: अन्नसुरक्षा कायद्यात विश्लेषकाला नमुन्याचा अहवाल द्यायला १४ दिवसांची मुदत आहे. तोवर ते दूध पिऊन, विरजून संपलेलं असतं. २०२३ मध्ये राज्याने भेसळ रोखायला जिल्हास्तरीय समित्या नेमल्या, पण आमच्या गल्लीत येणाऱ्या किटलीला कुणी हात लावलेला मी पाहिला नाही. मंडईत सकाळी ६ ते ९ नगरपालिकेचं टेबल मांडा. युरिया, स्टार्च, साबण जागच्या जागी तपासा आणि निकाल फळ्यावर लिहा.

गोठ्यावरून: म्हणजे पुन्हा चोर आम्हीच का, ताई? आमचं दूध संकलन केंद्रावर दिवसातून दोनदा मशीनवर जातं. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) याच्या खाली आलं की दर तुटतो. गेल्या पावसाळ्यात एकाच किटलीतल्या दुधाचं फॅट एका केंद्रावर ३.१ लागलं आणि पलीकडच्या केंद्रावर ३.६. मी तिथेच उभा होतो. ही मशीन कोण तपासतं? टँकर निघाल्यावर पुढे काय होतं, ते कोण बघतं?

लॅबवाली: मला टेबलाची वेगळीच भीती वाटते. एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळ निघाली १२ मध्ये, पण अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर होतं ३६८ मध्ये. हे विष कुणी मिसळत नाही. बुरशी लागलेली सरकी पेंड किंवा मका जनावराने खाल्ला की ते दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी ते जात नाही. टेबलावर ते दिसणार नाही. फळ्यावर 'चांगलं' वाचून लोक निर्धास्त होतील.

गोठ्यावरून: पेंडीचं पोतं शिवून येतं. फोडल्यावर आत हिरवट गठ्ठे निघतात, तोवर पैसे देऊन झालेले असतात. तालुक्यात पेंड कुठे तपासून मिळते, सांगा. स्वतः घेऊन जातो.

सातारकर: पेंडीचं पटलं, मशीनचंही. फळ्यावर 'चांगलं' लिहायचंच नाही, कशाची तपासणी केली आणि काय सापडलं तेवढंच लिहायचं. पण टेबल हवंच. मागच्या महिन्यात मी बाटलीत दुधाइतकंच पाणी घालून हलवलं, तर साबणासारखा दाट फेस आला आणि बसेचना. दुकानदार म्हणाला, "वहिनी, सगळं असंच येतं." त्याच अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला फी भरून दूध तपासून घेता येतं, दोष निघाला तर फी परत मिळते. पण रोजच्या अर्ध्या लिटरसाठी कोण एवढे खेटे घालणार?

सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देतेय. टेबल, केंद्रांवरच्या मशीनची दरमहा तपासणी, पेंडीचे नमुने, तिन्ही मागण्या एकाच कागदावर. गोठ्यावरून, खाली तुमची सही हवी आहे.

गोठ्यावरून: मशीनची मागणी पहिली लिहा, येतो.